कमी खर्चात, आपल्याच हातांनी: जुन्या स्वयंपाकघराला नवी कळा आणताना

स्वयंपाकघर जुनं दिसायला लागलं की मनात येतं, सगळं उखडून नवं करावं. पण जरा थांबून नीट पाहिलं तर खरोखर मोडलेलं असं फार थोडं सापडतं. कपाटांची दारं एका बाजूला झुकलेली असतात. त्यांच्यावर तेलकट वाफेचा चिकट थर बसून मूळ रंग दबलेला असतो. टाइल्समधल्या रेघा काळ्या पडलेल्या असतात आणि ओट्यावर काम करताना आपलीच सावली हातांवर पडते. या चार गोष्टी सुधारल्या तर रंगाचा डबा उघडण्याआधीच मोठा फरक दिसतो. म्हणून इथे कामांचा क्रम मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे ठेवला आहे. प्रत्येक टप्पा झाला की काही दिवस ते स्वयंपाकघर तसंच वापरा, आणि पुढच्या टप्प्याला पैसे लावायचे की नाही ते मग ठरवा. बऱ्याच जणांना रंगापर्यंत जावंच लागत नाही.

आधी पाहणी

एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे लावून, वही घेऊन फिरा. प्रत्येक दार उघडा, प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. जे दिसेल ते तीन याद्यांत लिहा: नुसतं मळलंय, बिघडलंय, आणि आवडत नाही. तिसरी यादी सगळ्यात लांब होते आणि पैसे तिच्यावरच आधी खर्च होतात, पण तिचा नंबर शेवटी लावा. मळलेलं साफ झालं, बिघडलेलं दुरुस्त झालं की तिसऱ्या यादीतल्या कितीतरी ओळी आपोआप खोडल्या जातात.

सिंकखालचं कपाट रिकामं करून पाइपांच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. कागद ओला झाला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती गळती थांबवा. ओल असलेल्या भिंतीवर किंवा फळीवर रंग, ग्राउट (टाइल्समधल्या रेघांत भरायचा मसाला), सिलिकॉन (सांधे बुजवायचा रबरासारखा लवचिक लेप) यांतलं काहीच टिकत नाही.

कपाटं कशाची आहेत हे याच वेळी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. बिजागरीच्या खड्ड्यात किंवा फळीच्या उघड्या कडेत डोकावून पाहा. पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले दिसले तर प्लायवूड, दाबलेला भुसा किंवा बारीक ढलप्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड, आणि रेषा आरपार सलग गेल्या असतील तर सलग लाकूड. वरचा गुळगुळीत कडक थर लॅमिनेटचा असतो. कोपऱ्यात सुटून प्लास्टिकसारखा सोलला जात असेल तर ती पीव्हीसीची फॉइल आहे.

काही कामं मात्र स्वतः करू नयेत: गॅसची पाइपलाइन, भिंतीतलं वायरिंग, भिंत पाडणं. घर बरंच जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की उडणारी धूळ विषारी असते, विशेषतः लहान मुलांसाठी. शंका असेल तर तपासणी होईपर्यंत त्याला पॉलिश पेपर लावू नका.

बजेट ठरवताना एकूण रकमेचा दहावा भाग वेगळा काढून ठेवा. जुन्या वस्तूंना हात लावला की काहीतरी न दिसलेलं निघतंच.

पहिला टप्पा: चिकटपणा काढणं

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कष्टाचं. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं, कारण तेलकट पृष्ठभागावर ना प्रायमर (रंगाआधी द्यायचा पायाचा थर) धरत, ना सिलिकॉन, ना चिकटपट्टी.

वरून खाली या. आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा, नाहीतर पाणी लागताच तिचा चिखल होतो. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून ते पाणी फडक्याने लावा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. घासण्यापेक्षा मुरू देण्याने जास्त काम होतं. कपाटांच्या माथ्यावर वर्षानुवर्षं साठलेला पिवळा, घट्ट थर साबणाला दाद देत नाही. त्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. हा सोडा अल्कलीधर्मी असल्यामुळे तेलाच्या काही भागाचं साबणात रूपांतर होतं आणि उरलेलं तेल पाण्याबरोबर निघून जातं. हातमोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमवर सोडा वापरू नका, धातू काळवंडतो. चिमणीची जाळी अनेकदा अ‍ॅल्युमिनियमची असते, ती नुसत्या गरम साबणाच्या पाण्यात भिजवलेली बरी. पॉलिश केलेल्या लाकडावरही सोडा फार वेळ राहू देऊ नका. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, कारण मागे राहिलेल्या सोड्यावरही रंग धरत नाही.

चकचकीत लॅमिनेटवर खरखरीत घासणी फिरवू नका. तिने पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ पुन्हा जाऊन बसतो आणि मग तो निघत नाही.

नळावर आणि स्टीलच्या सिंकमध्ये पांढरे डाग असतील तर ते पाण्यातल्या क्षारांचे. त्यावर व्हिनेगर चांगलं चालतं. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. जाळी मोकळी झाली की पाण्याची धार पुन्हा सरळ पडते, आणि नवा नळ घेण्याचा विचार तिथेच मागे पडतो. मात्र संगमरवरावर किंवा टाइल्समधल्या सिमेंटच्या ग्राउटवर व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल लावू नका, ते दोन्ही झिजतात. आणि ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये, दुसऱ्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. आम्लाशी मिसळलं तर क्लोरीन आणि अमोनियाशी मिसळलं तर क्लोरामाइन, असे विषारी वायू तयार होतात. बंद स्वयंपाकघरात हा धोका फार मोठा आहे.

सगळं वाळलं की कपाटांच्या माथ्यावर जुने कागद पसरून ठेवा. पुढच्या वेळी घासायला नको, कागद बदलला की झालं.

दुसरा टप्पा: दारं सरळ करणं

वाकडी दारं स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त म्हातारं दाखवतात आणि त्यांना लागतो फक्त एक स्क्रूड्रायव्हर. तरी हे काम बहुतेक जण सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आतून बसवलेल्या गोल कपाच्या बिजागरीचा कप बहुधा ३५ मिमी व्यासाचा असतो. आधी तिचे सगळे सैल स्क्रू आवळा. मग तिच्या आडव्या दांड्यावरचे दोन स्क्रू पाहा. दाराच्या जवळचा स्क्रू दाराला डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू दार कपाटाच्या जवळ किंवा दूर नेतो. वर-खाली करायचं असेल तर कपाटाच्या बाजूला बसवलेल्या पट्टीचे स्क्रू सैल करून दार हलवायचं आणि पुन्हा आवळायचं. एका वेळी पाव फेरी फिरवा, दार बंद करून पाहा, मग पुढची पाव फेरी. झुकलेलं दार सरळ करताना वरच्या आणि खालच्या बिजागरीला उलट्या दिशांनी थोडं थोडं फिरवावं लागतं. शेजारच्या दोन दारांमध्ये वरपासून खालपर्यंत दोन-तीन मिमीची सारखी फट आली की काम झालं.

स्क्रू नुसताच फिरत असेल, धरत नसेल, तर भोक मोठं झालेलं असतं. लाकडात किंवा प्लायवूडमध्ये त्या भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या दोन-तीन काड्या (काडेपेटीतल्या, गूल काढून) घट्ट बसवा, वरून तोडा, रात्रभर वाळू द्या आणि बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा लावा. पाण्याने फुगलेल्या पार्टिकल बोर्डात मात्र हा उपाय टिकत नाही. तिथे बिजागरीसाठी मिळणारी स्टीलची दुरुस्ती-पट्टी लावा, ती भार मोठ्या भागावर वाटून देते.

ड्रॉवर अडकत असेल तर चॅनेलमधला कचरा ब्रशने काढा, पुसा आणि सिलिकॉनचा स्प्रे मारा. स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं.

हँडल बदलायची असतील तर आधी जुन्या हँडलच्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाजारात ९६, १२८ आणि १६० मिमी ही मापं सर्रास मिळतात. त्याच अंतराची हँडल घेतलीत तर नवीन भोकं पाडावी लागत नाहीत. अंतर बदलायचंच असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर भोकांच्या खुणा करा आणि तोच सगळ्या दारांना लावा. भोक पाडताना पुढून मास्किंग टेप चिकटवा आणि मागून लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरा, म्हणजे लॅमिनेटचे टवके उडत नाहीत. जुनी भोकं रंगाखाली लपवता येतात. रंग देणार नसाल तर मागे पट्टी असलेली हँडल शोधा.

तिसरा टप्पा: टाइल्समधल्या रेघा आणि कोपरे

खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून पेस्ट करा आणि जुन्या टूथब्रशने रेघा घासा. डाग गेले नाहीत पण ग्राउट घट्ट असेल तर ग्राउट रंगवण्याचं पेन पुरतं. नखाने भुगा निघत असेल तर मात्र ते खरवडून नवं भरायला हवं. त्याआधी प्रत्येक टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज येणारी टाइल सुटत आलेली असते, ती आधी पुन्हा चिकटवा.

ग्राउट खरवडण्याच्या हत्याराने दोन-तीन मिमी खोलीपर्यंत जुनं काढा. टाइलच्या कडेला धक्का लागू नये म्हणून हात रेघेच्या मधोमध ठेवा. धूळ पूर्ण काढा. रेघ तीन मिमीपर्यंत रुंद असेल तर बिनवाळूचं ग्राउट, त्याहून रुंद असेल तर वाळूचं. पाणी थोडं थोडं घालत ते टूथपेस्टइतकं घट्ट कालवा, पुडीवर सांगितलेला वेळ राहू द्या आणि पुन्हा एकदा ढवळा. पातळ कालवलेलं ग्राउट वाळताना आकसतं आणि त्याला चिरा जातात. रबरी पट्टीने रेघांना तिरकं दाबत भरा, सरळ फिरवलं तर पट्टी भरलेलं ग्राउट उपसून काढते. साधारण १५ ते ३० मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंजमध्ये पाणी जास्त राहिलं की रंग फिका, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. दुसऱ्या दिवशी टाइलवर उरलेली पांढरी झाक कोरड्या फडक्याने निघते. रंगाचं म्हणाल तर शेगडीमागे पांढरं भरू नका. मध्यम करडा रंग पुढची कित्येक वर्षं स्वच्छ दिसतो.

ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नका. दोन्ही पृष्ठभाग उष्णतेने आणि भाराने वेगवेगळे हलतात, त्यामुळे तिथलं ग्राउट चिरतं आणि पाणी मागे झिरपतं. तिथे लवचिक सिलिकॉनच हवं. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, म्हणून जुनं ब्लेडने पूर्ण काढून जागा स्पिरिटने पुसा. रेघेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात सलग पट्टी सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच हात फिरवा आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढा. रेघ अगदी सरळ येते. किमान २४ तास पाणी लागू देऊ नका. सिंकभोवती बुरशीरोधक प्रकार घ्या. दगडी ओट्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्यातून सुटणारं आम्ल संगमरवरासारख्या दगडावर डाग पाडतं. तिथे 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या.

टाइल्सवर चिकटवायचे विनाइलचे स्टिकर स्वस्त असतात, पण ज्योतीजवळ लावू नयेत. उष्णतेने ते सुटतात, वितळतात आणि पेटूही शकतात.

चौथा टप्पा: उजेड

छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर ओट्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर सावली नेमकी कामावर पडते. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावली की हा प्रश्न सुटतो. पट्टी भिंतीलगत न लावता कपाटाच्या पुढच्या कडेजवळ लावा, म्हणजे उजेड हातांवर येतो. ३००० ते ४००० केल्विनमधला (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) प्रकाश घ्या, शक्यतो छतावरच्या दिव्याच्या रंगाला जुळणारा. डब्यावर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा जास्त असेल तर वस्तूंचे रंग खरे दिसतात.

प्लगमध्ये लावायच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी निवडा. अ‍ॅडॅप्टर आणि पट्टी यांचे व्होल्ट सारखेच हवेत. पट्टीच्या एकूण वॅटपेक्षा अ‍ॅडॅप्टरची क्षमता २० टक्के जास्त ठेवा: मीटरला १० वॅटची दोन मीटर पट्टी म्हणजे २० वॅट, तिला किमान २४ वॅटचा अ‍ॅडॅप्टर. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणीत बसवली तर ती कमी तापते आणि झाकणामुळे दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत. शेगडीच्या थेट वर आणि सिंकच्या शिंतोड्यांत मात्र ती नको.

पाचवा टप्पा: दारांना रंग, लागलाच तर

इथवर येऊनही रंग डोळ्यांत खुपत असेल तर पुढे जा. सगळी कपाटं रंगवायलाच हवीत असं नाही. नुसती खालची दारं गडद रंगवून वरची तशीच ठेवली तरी खोली बदलते आणि साहित्य निम्मं लागतं. आतल्या बाजू तर सोडूनच द्या.

आधी एका दाराच्या मागच्या बाजूला छोट्या तुकड्यावर पूर्ण प्रक्रिया करून पाहा. काही दिवसांनी ब्लेडने रंगावर फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तयारी किंवा प्रायमर चुकलाय. सगळी दारं रंगवल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं किती बरं. पीव्हीसीची फॉइल सुटत असेल तर तिच्यावर रंग देऊ नका, हेअर ड्रायरने गरम करून ती पूर्ण सोला.

दारं काढताना प्रत्येकाला नंबर द्या. नंबर बिजागरीच्या खड्ड्यात लिहून वर टेप लावा, बाकी कुठेही लिहिला तर तो रंगाखाली जातो. स्क्रू त्याच नंबरच्या पाकिटात.

पुन्हा एकदा चिकटपणा काढा, विशेषतः हँडलभोवती. लॅमिनेटला १८० ते २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चकाकी गेली की थांबा, थर कापायचा नाही. सलग लाकडाला आधी १२०, मग १८०, रेषांच्या दिशेने. मास्क घाला, खिडकी उघडी ठेवा, धूळ ओलसर आणि नंतर कोरड्या फडक्याने टिपा.

प्रायमरवर पैसे वाचवू नका. या सगळ्या कामात जिथे मी चांगल्यात चांगली वस्तू घ्यायला सांगेन अशी हीच एक जागा आहे. लॅमिनेटसाठी गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा बाँडिंग प्रायमर, लाकडासाठी डाग अडवणारा. तसा नसेल तर लाकडातलं टॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य वर येऊन पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उमटतात. वरचा रंग फर्निचरसाठीचा वॉटर-बेस्ड इनॅमल घ्या. भिंतीचा रंग दारावर हाताळण्याने लवकर उडतो.

दारं छोट्या ठोकळ्यांवर आडवी ठेवा. आधी मागची बाजू, मग पुढची. नक्षीच्या खाचा ब्रशने, सपाट भाग चार इंची फोम किंवा मायक्रोफायबर रोलरने. दोन-तीन पातळ हात द्या. एकच जाड हात ओघळतो आणि आतून मऊ राहतो. प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्या आणि ३२० नंबरच्या पेपरने अलगद फिरवा.

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर दारं हळू लावा, कोपऱ्यांत रबरी ठिपके चिकटवा आणि साबणाने पुसू नका. पहिल्या आठवड्यातले ओरखडे बहुतेक याच घाईतून येतात.

भिंती आणि ओटा

भिंतींना धुता येणारा, किंचित चमकीचा रंग घ्या. भिंतींच्या लांबीची बेरीज करून उंचीने गुणा, त्यातून दारं, खिडक्या, टाइल्स आणि कपाटांनी झाकलेला भाग वजा करा. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर भाग होतो, नेमका आकडा डब्यावर असतो. तेलाच्या डागांवर आधी डाग अडवणारा प्रायमर मारा, नाहीतर ते नव्या रंगातूनही वर येतात.

ओट्याला रंग देणं मी टाळेन. सुरीच्या धारेपुढे आणि गरम भांड्यांपुढे तो टिकत नाही. ग्रॅनाइटवर पाण्याचे थेंब टाकून १५ मिनिटं पाहा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी शोषतोय, त्याला दगडाचा सीलर लावा. लाकडी ओटा घासून त्याला तेल मुरवता येतं. जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

स्वयंपाकघर पूर्ण बंद करण्यापेक्षा अर्धं-अर्धं करा: आधी सिंककडची बाजू, ती वापरात आली की शेगडीकडची. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि वर शेडचा नंबर, कंपनी आणि तारीख लिहा. हँडलजवळचा पहिला टवका उडेल तेव्हा बारीक ब्रश आणि ही बरणी एवढंच लागेल.